खाऱ्या वाऱ्यातला लॅपटॉप: स्क्रीन रोज पुसूनही चरे का पडतात?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचं नेट ट्रेनमध्ये दहिसर ते मिरा रोडच्या मधेच मान टाकतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित भाग. बोलताना माझी जी "म्हणजे... म्हणजे..." होते ती काढलीय. दोन गोष्टी रेकॉर्डिंगनंतर आठवल्या, त्या मधेच घुसवल्यात.

या वेळचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. आमच्या पालीतल्याच एका मुलाची नोट. तो म्हणतो, "ताई, लॅपटॉप घेऊन वर्षसुद्धा झालं नाही. ईएमआय अजून चालू आहे. आणि स्क्रीनवर बारीक बारीक रेषा दिसायला लागल्यात. खाली पडलेला नाही, काही आपटलेलं नाही. मी तर रोज पुसतो."

"रोज पुसतो." मंडळी, उत्तर त्यातच आहे.

आधी पाली म्हणजे कुठली ते सांगते, कारण पाली म्हटलं की लोकांना अष्टविनायकातला बल्लाळेश्वर आठवतो. ती रायगड जिल्ह्यातली. आमची पाली मिरा-भाईंदरमधली. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनकडची बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकायची, मग उत्तन, पाली, चौक ही कोळीवाड्यांची रांग. समोर समुद्र. पावसाळा संपला की बोंबील वाळत घातलेले. आणि अंगणात, गच्चीवर, खिडकीत, कपाटात, सगळीकडे खारा वारा.

या वाऱ्याचं काम आम्हाला कुणी समजावून सांगायला लागत नाही. खिडकीचं ग्रील रंगवलं तरी गंजतं. स्कूटरच्या नटबोल्टला आधी लाली चढते. पण ग्रील गंजलेलं दिसतं, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर जे बसतं ते दिसत नाही. दिसतं तेव्हा आपण म्हणतो "धूळ आहे", आणि हातात असेल त्या कपड्याने पुसून टाकतो.

ती नुसती धूळ नसते. समुद्रावर लाट फुटते तेव्हा फेसातले बुडबुडे फुटून अगदी बारीक थेंब हवेत उडतात. त्यातलं पाणी वाटेत सुकतं, मीठ तेवढं उरतं आणि वाऱ्याबरोबर घरात येतं. किनाऱ्याला हे प्रमाण सगळ्यात जास्त, आत जाल तसं झपाट्याने कमी. म्हणून कांदिवलीतल्या मित्राने सांगितलेली स्क्रीन पुसायची पद्धत पालीत तशीच चालेल असं नाही.

आता या मिठाची एक गंमत आहे. गंमत कसली, तीच सगळी भानगड आहे. आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं ना, तेच. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कमी दमटपणातही ओल धरतं. मुंबईच्या पट्ट्यात जुलैमध्ये दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असणं ही रोजचीच गोष्ट. म्हणजे स्क्रीनवर बसलेलं मीठ ओलं होतं, त्याचा पातळ चिकट थर होतो, आणि त्या थरावर बाकीची धूळ, वाळूचा कण, स्वयंपाकघरातली फोडणीची वाफ, सगळं चिकटत जातं. मग एखाद्या दिवशी तुम्ही एसी लावता किंवा ऊन पडतं, हवा कोरडी होते, आणि तो थर सुकतो. मीठ परत स्फटिक होतं, पण आता वाळूला सोबत धरून.

नुसतं मीठ फार कठीण नसतं बरं का. कठीणपणाची जी मोहस् नावाची मोजपट्टी आहे तिच्यावर मीठ साधारण २.५, म्हणजे आपल्या नखाच्या आसपास. वाळूतलं क्वार्ट्झ मात्र ७. खिडकीची काच साडेपाच-सहाच्या घरात. म्हणजे वाळूचा कण काचेलासुद्धा ओरखडा काढू शकतो, प्लॅस्टिकची तर बातच सोडा. मीठ इथे चरे पाडणारं कमी आणि गोंदाचं काम करणारं जास्त. मोकळी वाळू फुंकरीने उडून गेली असती. मिठाने धरून ठेवलेली वाळू उडत नाही. तुम्ही कोरडा कपडा फिरवलात की ती सुटते, कपड्याखाली येते, आणि तुमच्या हाताच्या जोराने स्क्रीनभर फिरते. रोज पुसलं तर रोज फिरते.

आणि कोरडं घासून आणखी एक होतं. प्लॅस्टिकवर कोरडा कपडा घासला की स्थिर वीज तयार होते. लहानपणी स्केल केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, आठवतंय? स्क्रीनही तसेच कपटे उचलते, फक्त ते धुळीचे असतात. पुसून झाल्यावर दहा मिनिटांत परत धूळ दिसते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता इथे तुमच्यातले अर्धे म्हणतील, "अगं पण फोन तर मी दिवसातून वीस वेळा टी-शर्टला पुसतो, त्याला काही होत नाही." बरोबर. कारण फोनच्या समोर काच आहे, आणि तीही साधी नाही. काच गरम क्षारात बुडवून तिच्यातले सोडियमचे कण काढून त्या जागी मोठे पोटॅशियमचे कण बसवतात. त्यामुळे काचेचा पृष्ठभाग आतून आवळला जातो आणि सहजासहजी चरा घेत नाही. त्यावर बोटाचं तेल टिकू नये म्हणून वेगळा लेप. आयफोनमध्ये हा लेप २००९ मध्ये थ्री जीएसपासून आला, आता बहुतेक फोनवर असतो. (तोसुद्धा घासून घासून जातोच. दोन वर्षांनी फोनवर बोटं जास्त उमटतात ती त्यामुळेच.)

लॅपटॉपचं तसं नाही. आपल्याकडे विद्यार्थी आणि ऑफिसवाले जे लॅपटॉप वापरतात, त्यातल्या बहुतेकांवर समोर काच नसतेच. डिस्प्लेची स्वतःची काच असते ती आत, आणि ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत पातळ असते. तुमचं बोट ज्याला लागतं ती काचेवर चिकटवलेली पोलरायझरची प्लॅस्टिक फिल्म. ट्यूबलाइट चमकू नये म्हणून तिचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक खरखरीत ठेवलेला असतो. हाताला गुळगुळीत लागतो, पण सूक्ष्मदर्शकातून बघितला तर सगळा उंचसखल. त्या खरखरीतपणावरच लॅपटॉपचं मॅट दिसणं अवलंबून आहे. एकाच जागी दाबून घासलं तर ती उंची झिजते आणि तिथे एक चकचकीत डाग पडतो. तो डाग कुठल्याही लिक्विडने जात नाही, कारण तो डाग नाहीच. तिथलं काहीतरी कमी झालेलं असतं.

तुमचा लॅपटॉप कोणत्या जातीचा हे ओळखायला बॉक्स शोधत बसू नका. स्क्रीन बंद करा, ट्यूबलाइट लावा आणि तिचं प्रतिबिंब बघा. ट्यूब अगदी कडांसकट स्पष्ट दिसली तर ग्लॉसी. धूसर पांढरा पट्टा दिसला तर मॅट. टचस्क्रीन असेल तर समोर बहुतेक काचच असते. मॅट असेल तर आज मी सांगतेय ते सगळं दुप्पट काळजीने ऐका.

ग्लॉसीवाले निर्धास्त झाले असतील तर थांबा. काच टणक असली तरी तिच्यावरचा लेप टणक असेलच असं नाही. मॅकबुकच्या रेटिना स्क्रीनवरचा चमक कमी करणारा लेप सोलपटल्यासारखा निघायच्या इतक्या तक्रारी आल्या की ॲपलला ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यासाठी वेगळा दुरुस्ती कार्यक्रम काढावा लागला. काच शाबूत, वरचा लेप मात्र नकाशासारखा तुकड्या-तुकड्यांनी गेलेला.

आता फोनचाच एक चांगला उपयोग सांगते. पुसायच्या आधी स्क्रीनवर आहे तरी काय ते बघा. लॅपटॉप बंद, खोलीत थोडा अंधार, आणि फोनचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. समोरून नाही. आडव्या उजेडात सगळं उघडं पडतं. धुळीचे कण इकडे-तिकडे विखुरलेले. मिठाचे कण पांढरे, चमचमणारे, बऱ्याचदा सुकलेल्या थेंबाच्या कडेने गोल करून बसलेले. बोटाचं तेल इंद्रधनुषी. कीबोर्डच्या बटणांचे चौकोनी ठसे, कारण बॅगेत दाबला गेला की बटणांवरचं तेल स्क्रीनला लागतं. विरार लोकलच्या गर्दीत लॅपटॉप पाठीला असणाऱ्यांच्या स्क्रीनवर तर अख्खा कीबोर्ड छापलेला असतो. आणि चरा असेल तर तो टॉर्च फिरवल्यावर लकाकतो, पण जागा सोडत नाही.

या चार गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या जातातही वेगवेगळ्या पद्धतीने. माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच. आपण बाजारात "स्क्रीन क्लीनर" शोधतो, जणू सगळ्यावर एकच औषध आहे. मीठ पाण्यात जातं. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, म्हणजे स्क्रीनवरच्या कणभर मिठासाठी ओलसर कपडा पुरून उरला. तेच मीठ शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. उलट बोटाचं तेल नुसत्या पाण्याने फासलं जातं आणि अल्कोहोलने सुटतं. म्हणजे समुद्रकिनारी राहणाऱ्याने सरळ अल्कोहोलचा वाइप घेऊन स्क्रीनवर फिरवला तर काय होईल? तेल जाईल, मीठ राहील, आणि वाळू मिठासकट वाइपखाली फिरेल. महागडं साहित्य वापरून चरेच पाडले म्हणायचे.

म्हणून किनाऱ्यावरचा क्रम असा: आधी मोकळी धूळ, मग पाण्याने मीठ, आणि तेल शेवटी, तेही उरलं तर.

साहित्य फार नाही. दोन मायक्रोफायबर कपडे. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, यांचं मिश्रण. धागा इतका बारीक चिरलेला असतो की कण त्याच्या फटींत अडकतो, पृष्ठभागावर लोळत राहत नाही. सुती बनियन कितीही जुनं आणि मऊ असलं तरी त्यात ही सोय नाही. चष्म्याच्या दुकानात मिळणारा कपडा चालतो, फक्त त्याने आधी चष्मा पुसलेला नसावा. (ॲपलने २०२१ मध्ये एक कपडा १,९०० रुपयांना विकायला काढला होता. मी नुसती किंमत सांगितली, मत मागू नका.)

पाणी कुठलं? नळाचं किंवा टँकरचं नको, त्यातले क्षार सुकून परत पांढरे ठिपके येतात, म्हणजे मीठ काढून दुसरं मीठ लावल्यासारखं. आरओचं चालेल. सगळ्यात बरं डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला जे विकतात तेच. बॅटरीच्या दुकानात मागताना "पाणी" हा शब्द स्पष्ट बोला, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं, आणि घरी आणल्यावर बाटलीवरचं लेबल वाचा. एसीतून गळणारं पाणी "शुद्धच असतं" म्हणून कुणी सांगेल. वाफेचंच पाणी आहे हे खरं, पण ते एसीच्या आतली सगळी धूळ धुऊन बाहेर येतं. नको.

एक मऊ ब्रश. मेकअपचा नवा, न वापरलेला ब्रश उत्तम. किंवा कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी पंप. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात.

आता प्रत्यक्ष काम. लॅपटॉप शट डाउन करा, स्लीप नाही. चार्जर काढा. स्क्रीन कोमट असेल तर पंधरा मिनिटं थांबा, गरम स्क्रीनवर ओल लगेच उडून जाते आणि डाग राहतो. शिवाय काळ्या स्क्रीनवर घाण नीट दिसते, हा फायदा वेगळाच.

ब्रश वरून खाली, अगदी हलका. पिसासारखा. इथे निघेल ती मोकळी धूळ. निघणार नाही त्याच्याशी भांडू नका, ते मिठाने धरलेलं आहे.

मग कपडा ओलसर करायचा. किती? इथेच सगळे चुकतात. पाणी कपड्यावर घ्यायचं, स्क्रीनवर कधीही नाही. कपडा चारपदरी घडी करा, एका बाजूला पाणी लावा, घट्ट पिळा, आणि मग स्टीलच्या ताटावर एकदा फिरवून बघा. जी ओल उमटेल ती मनातल्या मनात पाच-सात अंक मोजेपर्यंत उडून गेली पाहिजे. थेंब राहिले तर जास्त झालं, परत पिळा. पुसताना स्क्रीनवर लाल-हिरवे-निळे ठिपके चमकताना दिसले, म्हणजे लॅपटॉप चालू ठेवलाय आणि पाणीही जास्त झालंय. पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करतो आणि खालचे पिक्सेल मोठे करून दाखवतो. दिसायला भारी, पण थांबा.

दुसऱ्या हाताचा तळवा स्क्रीनच्या मागे ठेवा, आधाराला. पुढून बोटाने दाबायचं नाही. एलसीडीत दोन काचांमध्ये जी लिक्विड क्रिस्टलची फट असते ती तीन-चार मायक्रॉनची. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा, म्हणजे अंदाज येईल. दाबलं की रंगांच्या लाटा उठतात त्या याच फटीमुळे. आणि फार दाबलं तर मागच्या प्रकाश पसरवणाऱ्या थरांवर कायमचा पांढरट ठिपका बसतो.

पहिला हात घासायचा नाही, टेकवायचा. कपडा ठेवा, वजन न देता सरळ रेषेत वरून खाली आणा, घडी उलटा, स्वच्छ बाजूने पुढचा पट्टा. गोल गोल नको. गोल फिरवलं की एकच कण पंधरा वेळा त्याच जागेवरून जातो. पहिल्या फेरीत मीठ विरघळतं. अर्धा मिनिट थांबा. मग पुन्हा ओलसर, पण नव्या स्वच्छ बाजूने दुसरी फेरी, ही विरघळलेलं उचलते. जे कांदिवलीत एका फेरीत होतं त्याला पालीत दोन लागतात, एवढाच फरक. शेवटी दुसरा कोरडा कपडा, तोही हलका.

परत टॉर्च लावा. नव्वद टक्के वेळा काम इथेच संपलेलं असतं.

तेलाचे डाग उरले तर मग ७० टक्के आयसोप्रोपिल, पण आधी आपल्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सूचना वाचा. कंपन्यांची मतं सारखी नाहीत. ॲपल बरीच वर्षं असली रसायनं लावूच नका म्हणायची. मार्च २०२० मध्ये, कोरोनात, त्यांनी सूचना बदलली आणि ७० टक्के आयसोप्रोपिलच्या वाइपने डिस्प्लेसुद्धा हलकेच पुसायला हरकत नाही असं लिहिलं. हे त्यांच्या काचेच्या स्क्रीनबद्दल आहे, तुमच्या मॅट फिल्मबद्दल नाही. सूचना सापडली नाही तर अल्कोहोल वापरू नका. एवढं सोपं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब कपभर डिस्टिल्ड पाण्यात, त्यात कपडा बुडवून घट्ट पिळून, नंतर साध्या पाण्याच्या ओलसर कपड्याने परत एकदा. बोटाचं तेल त्याने बहुतेक जातं.

आता काय वापरू नये, हे थोडं सविस्तर, कारण व्हॉइस नोट्समध्ये सगळ्यात जास्त हेच आलं.

हँड सॅनिटायझर. "त्यातही अल्कोहोलच आहे ना?" आहे, पण एकटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सॅनिटायझरचा जो नमुना दिला आहे त्यात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ग्लिसरॉल कशाला? हात कोरडे पडू नयेत म्हणून. ते उडून जात नाही, स्क्रीनवर बसून राहतं. आणि ग्लिसरॉल काय करतं? हवेतली ओल धरतं. म्हणजे मीठ करतं तेच! आपण चिकटपणा काढायला गेलो आणि विकतचा चिकटपणा लावला.

काच पुसायचा स्प्रे. खिडकीसाठी आहे, खिडकीलाच ठेवा. अशा बऱ्याच क्लीनरमध्ये अमोनिया किंवा तीव्र सॉल्व्हंट असतात, प्लॅस्टिक फिल्म त्याने पांढुरकी होऊ शकते.

वर्तमानपत्र. आरसा कागदाने पुसला की लखलखतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे आणि आरशासाठी ते खरंही आहे. पण कागदात लाकडाचा तंतू असतो, आणि बऱ्याच कागदात चिनी माती किंवा खडूची भुकटी भरलेली असते. काच ते सहन करते, फिल्म नाही. टिश्यू पेपरही त्याच घरातला, फक्त मऊ बोलतो.

टूथपेस्ट, "चरे घालवायला". हा रीलवरचा शोध. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते. ती चऱ्याच्या आजूबाजूचा भागही घासते, म्हणून चरा कमी दिसतो. मॅट स्क्रीनवर तिथे चकचकीत चट्टा उरतो. पडलेला चरा तसाच राहू दे. पांढऱ्या पानावर काम करताना पंधरा दिवसांत डोळा विसरतो. चट्टा विसरत नाही.

आणि आईचा पदर. माझी आई मायेने पुसायला येते तेव्हा मी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जाते. याच्यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

कपडा धुण्याबद्दल एक, जे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही पण आमच्याकडे राहणाऱ्याला लगेच पटेल. मायक्रोफायबर वेगळा धुवा, साध्या साबणाने, फॅब्रिक कंडिशनर न घालता, कारण कंडिशनरचा मेणचट थर त्या बारीक फटी बुजवतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पण तो गच्चीवर दोरीला वाळत घालू नका! समुद्राकडच्या वाऱ्यात दुपारभर फडफडलेला ओला कपडा म्हणजे मीठ आणि वाळू पकडायचं जाळं. घरात पंख्याखाली वाळवा आणि झिपच्या पिशवीत ठेवा. धुतलेला कपडा चरे पाडतो म्हणणाऱ्यांनी आधी तो वाळतो कुठे ते बघा.

किती वेळा पुसायचं? रोज तर नकोच. आठवड्यातून एकदा ब्रश, आणि ओलसर कपडा आडव्या टॉर्चमध्ये घाण दिसली तरच. त्याऐवजी घाण कमी बसेल असं बघा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून सरळ घरात येतो, तेव्हा टेबल समुद्राकडच्या खिडकीसमोरून हलवा. काम झालं की झाकण बंद. फक्त झाकताना कीबोर्डवर वाळू नाही ना ते बघा, आणि कॅमेऱ्यावर जाड स्लायडर चिकटवू नका. पातळ लॅपटॉपमध्ये झाकण आणि कीबोर्डमधली फट इतकी कमी असते की तेवढ्यानेही स्क्रीन तडकू शकते. ॲपलने २०२० मध्ये हा इशारा वेगळा छापला होता.

शेवटची गोष्ट सगळ्यात घाईची. पाणी आत गेलंच तर? बहुतेक वेळा ते खालच्या कडेने जातं. स्क्रीनवर थेट स्प्रे मारला की ओघळ खाली येतो, फ्रेमच्या फटीत शिरतो, आणि डिस्प्लेच्या बहुतेक नाजूक पट्ट्या आणि छोटं सर्किट तिथेच खालच्या कडेला बसवलेलं असतं. त्यात ओघळाने वाटेतलं मीठही सोबत नेलेलं असतं, आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वीज वाहू देतं. म्हणून असं झालं तर पॉवरचं बटण दाबून धरा, बंद होऊ दे, चार्जर काढा. "चालतोय का बघू" म्हणून परत चालू करू नका, खरं नुकसान त्याच क्षणी होतं. हेअर ड्रायर नको, उष्णतेने फिल्म फुगते. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही आणि त्याचं पीठ मात्र पोर्टमध्ये जातं. दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. साधं पाणी, साबणाचं की क्लीनर, यावर तो आत काय साफ करणार ते ठरतं. पॅनेल बदलायचं म्हणजे काही हजारांचा खर्च, त्यामुळे आधी कोटेशन लेखी घ्या आणि पॅनेल मूळ मॉडेल नंबरचंच आहे ना ते विचारा.

व्हॉइस नोट पाठवणाऱ्याने नंतर विचारलं, आधीच्या रेषांचं काय. त्या राहणार. नव्या पडायच्या थांबल्या की नाही, ते महिनाभराने आडव्या टॉर्चचा फोटो काढून आजच्या फोटोशी लावून बघ, आणि मलाही पाठव.

पुढच्या एपिसोडमध्ये कीबोर्ड. त्याच्या आत काय काय सापडतं याचे फोटो पाठवायला हरकत नाही, फक्त माझ्या जेवणाच्या वेळेत नको.